«लाश्शा क्यो प्यांगा»: सगळे स्वर शुद्ध, तरी गळा का दाटतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बारा वर्षे ख्याल शिकलेल्या आपल्याला अठराव्या शतकातील संगीतकार हँडेल याच्या «रिनाल्दो» या ऑपेरातील, म्हणजे गायल्या जाणाऱ्या नाटकातील, «लाश्शा क्यो प्यांगा» ही आरिया, म्हणजे एकल गीत, प्रथमच ऐकताना गळा दाटून आला. भाषा इटालियन असल्यामुळे शब्द कळले नाहीत. स्वर पाहावेत तर सगळे शुद्ध, जवळपास बिलावल थाटच. लय संथ, ताना नाहीत, आवाका बेताचा. मग या चालीत असे काय आहे की ती तीनशे वर्षांहून अधिक काळ लोकांना धरून ठेवते, आणि ती गायला शिकायची झाली तर सुरुवात कुठून करावी? मी पाश्चात्त्य कंठसंगीत शिकवते आणि या आरियेवर माझ्या वर्गात जितके तास गेले आहेत तितके दुसऱ्या कुठल्याही रचनेवर गेलेले नाहीत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. ही आरिया रडण्याची म्हणून ओळखली जाते, पण तिच्यात कोणी रडत नाही. तिच्यात रडण्याची परवानगी मागितलेली आहे. चाल, ताल आणि विराम या सगळ्यांची बांधणी त्या एका फरकावर उभी आहे, आणि गाणारा तो फरक विसरला की आरिया हातातून निसटते.

शब्दांपासून सुरुवात करू, कारण मराठी माणसाला ते समजून घेणे इंग्रजांपेक्षा सोपे जाते. पहिल्या चार ओळींचा अर्थ: माझ्या निष्ठुर दैवावर मला रडू दे, आणि स्वातंत्र्यासाठी मी उसासे टाकावेत. पुढच्या चार ओळींचा अर्थ: या दुःखानेच, निव्वळ दयेपोटी, माझ्या यातनांच्या या बेड्या तोडाव्यात. «लाश्शा» म्हणजे «सोड», «होऊ दे». ते आज्ञार्थी रूप आहे. त्यानंतरची «प्यांगा», «सोस्पीरी» आणि «इन्फ्रांगा» ही तिन्ही क्रियापदे इटालियनमध्ये ज्या रूपात आहेत त्याला आपल्याकडे सर्वांत जवळचा आहे विध्यर्थ: रडावे, उसासावे, तोडावे. म्हणजे आठ ओळींत एकदाही «मी रडते», «मी रडले» किंवा «बेड्या तुटल्या» असे विधान येत नाही. सगळे काही व्हावे असे म्हटले जाते, पण घडत काहीच नाही. इंग्रजी भाषांतरांत ही गोष्ट बरीचशी पुसली जाते. आपल्याला मात्र «रडते» आणि «रडावे» यांतील अंतर शाळेच्या व्याकरणापासून ठाऊक आहे.

प्रसंगही त्याला धरूनच आहे. कथा इटालियन कवी तासोच्या महाकाव्यावरून घेतलेली, पहिल्या धर्मयुद्धाच्या काळातील. आल्मिरेना ही ख्रिस्ती सेनापती गोफ्रेदोची मुलगी आणि रिनाल्दोची वाग्दत्त वधू. (तासोच्या काव्यात ही नायिका नाही, लंडनच्या रंगभूमीसाठी तिची भर घातली गेली.) चेटकीण आर्मिदा तिला पळवून आपल्या महालात कैद करते. दुसऱ्या अंकात जेरुसलेमचा राजा आर्गान्ते, जो स्वतः आर्मिदाचा प्रियकर आहे, या कैदी मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिच्याजवळ ते बोलून दाखवतो. म्हणजे समोर उभा असलेला माणूस शत्रुपक्षाचा, सत्ताधारी आणि वर प्रेमाची याचना करणारा. आरियेच्या आधीच्या गद्यवजा गायनात, ज्याला रेचितातिव्ह म्हणतात, ती निष्ठुर आर्मिदाला दोष देते आणि शेवटी आर्गान्तेला म्हणते: महाराज, दया करा, मला रडू द्या. लगेच आरिया सुरू होते आणि तेच म्हणते. ती सुटका मागत नाही. ती मागते ते फक्त एकटे सोडले जाणे. हा प्रसंग माहीत असेल तर चालीतला संयम कळतो: ज्याला आपले अश्रू दाखवायचे नाहीत अशा माणसासमोर ही मुलगी उभी आहे.

आता चालीकडे येऊ. तिचा इतिहास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण त्यातून एक भ्रम दूर होतो. ही चाल मुळात दुःखाची नाही. हँडेल विशीच्या आत असताना, जानेवारी 1705 मध्ये, त्याची पहिली ऑपेरा «आल्मिरा» हॅम्बुर्ग येथे झाली. तिच्या तिसऱ्या अंकात एक साराबांद आहे, म्हणजे संथ नृत्याची वाद्यरचना, शब्दांशिवायची. तीच या आरियेची जननी. पुढे हँडेल इटलीत गेला. रोममध्ये त्या वेळी पोपच्या आज्ञेने सार्वजनिक ऑपेराला बंदी होती, म्हणून तिथले धनिक धर्मगुरू ऑपेराची हौस ऑराटोरिओवर, म्हणजे अभिनयाशिवाय गायल्या जाणाऱ्या संगीतकथेवर, भागवत. कार्डिनल बेनेदेत्तो पाम्फिली यांनी लिहिलेल्या «काळ आणि भ्रमनिरास यांचा विजय» या अर्थाच्या रूपकात्मक ऑराटोरिओसाठी हँडेलने 1707 मध्ये ही चाल पुन्हा घेतली. तिथे ती गाते सुख नावाचे पात्र, आणि ते गाते सौंदर्य नावाच्या पात्राला भुलवण्यासाठी. शब्द आहेत «लाश्शा ला स्पीना»: काटा सोड, गुलाब वेच; तू आपले दुःखच शोधत फिरतेस. पुढे एक सूक्ष्म धमकीही आहे: मनाला कल्पना नसताना, अदृश्य हातांनी, केसांवरचे पांढरे दंव येऊन ठेपेल.

म्हणजे जी चाल ऐकून आज आपण दुःखी होतो तिचा रोममधला हेतू मोहात पाडण्याचा होता. चार वर्षांनी लंडनमध्ये कवी जाकोमो रोस्सीने त्याच चालीवर नवे शब्द बसवले. पाच-पाच अक्षरांच्या ओळींचा साचा तोच आणि पहिला शब्दही तोच: «लाश्शा». आधी मोहात पाडणारी म्हणत होती, सोड. आता कैदी म्हणते, सोड. काही टीकाकार अशा पुनर्वापराला हँडेलचा आळस म्हणतात. ज्यांनी आपल्या संगीत नाटकांत बंदिशींच्या आणि ठुमऱ्यांच्या चालींवर बेतलेली पदे ऐकली आहेत त्यांना हा आरोप विचित्र वाटेल, मलाही वाटतो. पण त्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध होते: दुःख या स्वरांच्या रेषेत आपोआप भरलेले नाही. मोह आणि शोक दोन्ही पेलणारे काहीतरी या चालीत आहे, आणि माझ्या मते ते म्हणजे तिचे अडखळणे. भुलवणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. रडू आवरणारा माणूसही वाक्य अर्धवट सोडतो. थांबा दोघांचा एकच.

हा थांबा तांत्रिक अर्थाने कुठे आहे ते पाहू. साराबांद तीन मात्रांचे नृत्य आहे, पण वजन पहिल्या मात्रेवर संपत नाही. दुसरी मात्रा लांबते किंवा जड होते, आणि तिसरी बहुधा हलकी किंवा रिकामी राहते. आपण दादऱ्याच्या तीन मात्रांची कल्पना करू नका. टाळी एकावर द्या आणि मग दोनवर हात तळहातावर टेकवून ठेवा, तीनवर उचलू नका. असे चार वेळा केलेत की साराबांद अंगात येईल. गंमत अशी की हेच नृत्य 16व्या शतकात स्पेनमध्ये इतके द्रुत आणि चावट समजले जात होते की 1583 मध्ये त्यावर बंदी आली. फ्रेंच दरबारात पोहोचेपर्यंत ते संथ, भारदस्त झाले, आणि हँडेलपर्यंत आले ते त्या रूपात.

या ठेक्यावर हँडेलने शब्दांचे लहान लहान तुकडे बसवले आणि त्यांच्यामध्ये विराम ठेवले. «लाश्शा», आणि थांबा. मग पुढचे शब्द. वाक्य एका दमात सहज म्हणता आले असते, पण ते म्हटले जात नाही. आपल्या गायकीत आपण विरामाकडे बहुतेक वेळा दम घेण्याची जागा किंवा समेची वाट पाहण्याची जागा म्हणून बघतो. इथे विराम हा चालीचाच एक स्वर आहे, असे मी शिकवते. त्या रिकाम्या मात्रेत तंतुवाद्येही फार काही करत नाहीत. ती मात्रा खरोखर मोकळी राहते. ऐकणाऱ्याचा गळा दाटतो तो बहुधा तिथे, स्वर चालू असताना नव्हे. पुढच्या वेळी ऐकताना स्वतःकडे लक्ष देऊन हे तपासून पाहा.

आता शुद्ध स्वरांचा प्रश्न. शोकगीत म्हटले की युरोपीय कानही कोमल स्वरांची अपेक्षा करतो. लंडनमध्येच सुमारे वीस वर्षे आधी हेन्री पर्सेलने «डायडो आणि इनिअस» या ऑपेरात डायडोच्या मृत्यूचे गाणे रचले. तिथे तळाच्या खर्जातील स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घसरत राहतात आणि ती घसरण पुन्हा पुन्हा येते. रडणे तिथे पायातच बांधलेले आहे. हँडेलने यातले काहीच केले नाही. एफ हा षड्ज, मेजर म्हणजे शुद्ध स्वरांचा साचा, संगत साधी, घसरणारा खर्ज नाही. मुलगी धीर सोडत नाही हे सांगण्याचा याहून थेट मार्ग मला सुचत नाही. कोमल स्वर लागले असते तर ती रडली असती.

मात्र मधल्या भागात, जिथे दुःखाने बेड्या तोडाव्यात असे शब्द येतात, तिथे रंग पालटतो. रचना एफ मेजरमधून डी मायनरकडे जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही मूर्च्छना आहे: त्याच शुद्ध स्वरांत धैवताला षड्ज मानले की गंधार, धैवत आणि निषाद कोमल होऊन आसावरी थाटाचे स्वर हाती येतात. एकही परका स्वर न आणता केवळ मुक्काम बदलल्याने सावली पडते. (खरे तर इथे शुद्ध निषादही डोकावतो, पण त्या तपशिलात आता जात नाही.) आपण ख्याल शिकलेले असल्यामुळे हा बदल आपल्या कानाला शिकवावा लागणार नाही, बहुतेक श्रोत्यांना तो जाणवतो, पण का जाणवतो ते कळत नाही.

आणि मग पहिला भाग पुन्हा येतो. हाच बरोक, म्हणजे हँडेलच्या काळातील शैलीच्या, आरियेचा «दा कापो» साचा: पहिला भाग, मधला भाग, आणि «डोक्यापासून» पुन्हा पहिला. हँडेलने तो पुन्हा लिहून काढला नाही, कारण पुनरावृत्तीत गायकाने स्वतःची सजावट करायची हे गृहीतच होते. स्थायीवर परत येणाऱ्याला हे नवे नाही. पण एक फरक लक्षात घ्या: मधल्या भागाची सावली अंगावर घेऊन आपण परततो, त्यामुळे तेच शब्द आणि तेच शुद्ध स्वर दुसऱ्या वेळी पहिल्यासारखे राहत नाहीत. पहिल्या वेळी ती विनंती असते. दुसऱ्या वेळी विनंती मान्य होणार नाही हे तिलाही ठाऊक झालेले असते.

1711 च्या प्रेक्षकांना हे सगळे किती जाणवले असेल, याबद्दल मी फारशी भाबडी नाही. «रिनाल्दो» 24 फेब्रुवारी 1711 रोजी लंडनच्या हेमार्केटमधील क्वीन्स थिएटरमध्ये झाली. हँडेलचा सव्विसावा वाढदिवस आदल्याच दिवशी झाला होता. खास लंडनसाठी रचलेली ही पहिली इटालियन ऑपेरा. रोस्सीने प्रस्तावनेत अभिमानाने लिहिले की संगीत दोन आठवड्यांत तयार झाले. जुन्या चाली हाताशी असल्यामुळे ते शक्य झाले, हे त्याने लिहिले नाही. लोक आले ते राक्षस, आग ओकणारे ड्रॅगन आणि गर्जना पाहायला, आणि निकोलिनी या विख्यात कास्त्रातो गायकाला, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्चीकरण केलेल्या पुरुष गायकाला, ऐकायला. पहिल्या अंकातील बागेच्या दृश्यात खऱ्या चिमण्या सोडल्या गेल्या, त्यावर जोसेफ ॲडिसनने «स्पेक्टेटर» नियतकालिकात यथेच्छ टिंगल केली. (ॲडिसनने स्वतः लिहिलेली इंग्रजी ऑपेरा चार वर्षांपूर्वी सपशेल पडली होती, हे त्याचा लेख वाचताना विसरू नये.) दुसरा अंक संपतो तो आर्मिदाच्या युद्धाच्या आरियेने, आणि तिथे हँडेल स्वतः हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या पूर्वीच्या वाद्यावर बसून उत्स्फूर्त कसरती वाजवत असे. अशा गदारोळात इझाबेला जिरार्दो या गायिकेने ही शांत आरिया गायली. पहिल्याच हंगामात ऑपेराचे पंधरा प्रयोग झाले. माझा तर्क असा की आरियेला त्या झगमगाटाचा उपयोगच झाला असावा: इतक्या आवाजानंतर कोणी हळू बोलले की सभागृह आपोआप कान देते.

ऑपेरा हँडेलच्या हयातीतच रंगमंचावरून नाहीशी झाली. शेवटचा मोठा बदल करून तिचा प्रयोग त्याने 1731 मध्ये केला, आणि मग ती विसाव्या शतकातच रंगमंचावर परतली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 1984 मध्ये मॅरिलिन हॉर्नला घेऊन ती केली तेव्हा त्या संस्थेने सादर केलेली हँडेलची ती पहिलीच ऑपेरा होती. आरिया मात्र मध्यंतरी मेली नाही. याचे एक अगदी व्यावहारिक कारण आहे, आणि रसिकांना ते सांगितले की ते जरा हिरमुसतात: ही आरिया शिकाऊ गायकाला गाता येते. आवाका लहान, ताना नाहीत, एक पियानो संगतीला पुरतो. त्यामुळे आरियांच्या संग्रहांत ती टिकली, परीक्षांत टिकली, पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांच्या गळ्यात घातली. अमर रचनांच्या अमरत्वात शिकवणीच्या वर्गांचा वाटा किती असतो, हा वेगळा विषय होईल.

नव्या श्रोत्यांपर्यंत ती पोहोचली त्यात फारिनेल्ली या प्रसिद्ध कास्त्रातोवरील 1994 च्या «फारिनेल्ली» या चित्रपटाचा मोठा हात आहे. कास्त्रातोचा आवाज आज अस्तित्वात नसल्यामुळे तिथे एका काउंटरटेनरचा (उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा) आणि एका सोप्रानोचा (उंच आवाजाच्या गायिकेचा) आवाज संगणकाच्या साहाय्याने एकत्र केला गेला. परिणाम विलक्षण आहे, पण त्यामुळे एक गैरसमज घट्ट झाला की ही आरिया फारिनेल्लीची. तिचा आणि त्याचा संबंध नाही. 1711 मध्ये तो सहा वर्षांचा होता, आणि लंडनमध्ये तो गायला तो हँडेलच्या प्रतिस्पर्धी मंडळीत. आरिया लिहिली गेली स्त्रीसाठी, एका स्त्रीपात्रासाठी. चित्रपटामुळे दुसरेही नुकसान झाले: लोक ती फारच संथ गाऊ लागले. साराबांद संथ असले तरी नृत्य आहे. लय इतकी खाली नेली की दुसरी मात्रा लांबली आहे हेच कळेनासे होते. सगळ्याच मात्रा लांब वाटतात आणि उरतो तो एक सुरेल विलाप. माझी कसोटी साधी आहे: त्या लयीत पावले टाकता आली पाहिजेत.

आता गाण्याविषयी. मी स्वतः ही आरिया प्रथम मंचावर गायले ती तेविसाव्या वर्षी, आणि ती फसली. घरात नुकतेच एक आजारपण झाले होते, शब्द अंगाला भिडले होते, आणि दुसऱ्या वेळच्या «लाश्शा»ला मला खरेच रडू आले. त्यानंतर स्वर लागेना. याला नाजूक मनाचा दोष देण्याचे कारण नाही, ही शरीराची गोष्ट आहे: रडू येते तेव्हा स्वरयंत्र वर उचलले जाते, घसा आवळतो आणि श्वास झटक्याझटक्याने सुटतो, म्हणजे गाण्यासाठी जे हवे त्याच्या नेमके उलट. श्रोत्यांना माझी दया आली; आरिया मात्र त्यांना ऐकू आली नाही. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगते की रडू मागा, पण रडू नका. आल्मिरेनाही तेच करते आहे.

आपल्यासारख्या ख्याल शिकलेल्या विद्यार्थ्यांना एक सोय असते आणि एक अडचण. सोय दमसासाची आणि स्वर स्थिर लावण्याची: लांब स्वर हळू सुरू करून फुलवायचा आणि पुन्हा मिटवायचा, ही क्रिया बरोक गायकीचा पाया आहे आणि ती आपल्याला षड्ज-भरणातून आलेली असते. अडचण मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या सवयीची. दोन स्वरांमधली जागा मोकळी सोडणे आपल्या गळ्याला उपाशी राहिल्यासारखे वाटते. एका गुणी विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी प्रत्येक विराम मींडेने सांधून टाकला होता. गाणे अतिशय गोड झाले आणि त्यातली मुलगी आर्गान्तेच्या गळ्यात पडल्यासारखी वाटू लागली. आम्ही दोन आठवडे फक्त विराम गायले. म्हणजे तुकडा म्हणायचा, श्वास न घेता थांबायचे, मनात मात्रा मोजायची, मगच पुढे. श्वास प्रत्येक विरामात घेऊ नये. थांबलेला श्वास आणि घेतलेला श्वास यांतला फरक शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतो.

पुनरावृत्तीतील सजावटीबद्दलही हाच नियम. स्वरांना सजवा, विरामांना हात लावू नका. वरच्या स्वराला किंचित टेकून मुख्य स्वरावर येणे, दोन स्वरांमध्ये एखादा जोडस्वर, तुकड्याच्या शेवटी छोटासा कंप: एवढे पुरते. काही गायिका पुनरावृत्तीत तार सप्तकापर्यंत ताना चढवतात. ते ऐकताना टाळ्या मिळतात हे मी नाकारत नाही, पण परवानगी मागणाऱ्या माणसाने इतके बोलू नये.

उच्चारांत तीन खोड्या आहेत. «लाश्शा»मधला श दुप्पट आहे. «लाशा» म्हटलेत की आपल्याकडे वर्गात हमखास कोणीतरी प्रेताचा विनोद करते, आणि तो एकदा झाला की तासभर कोणी गंभीर राहत नाही. «क्यो» हे एकच अक्षर, «की-ओ» नव्हे. «प्यांगा»ही दोनच अक्षरांचे. «पि-आं-गा» म्हटले तर ओळ सहा अक्षरांची होते आणि साराबांदची दुसरी मात्रा भलत्याच स्वरावर पडते. चाल बसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण चालीत नसते, या एका शब्दात असते.

षड्जाचा आग्रह धरू नका. छापील प्रतीत एफ मेजर असले तरी आज बरोक वाद्ये वापरणारे वाद्यवृंद सामान्यतः आधुनिक पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली जुळवतात, आणि खालच्या जातीचे आवाज, पुरुषांमधले काउंटरटेनरही, सोयीच्या पट्टीत ही आरिया गातात. आपला स्वाभाविक मध्य सप्तक जिथे मोकळा वाटतो तिथून सुरू करा.

ऐकण्याचा क्रम मी असा सुचवेन. आधी रोमची आवृत्ती, «लाश्शा ला स्पीना», चेचिलिया बार्तोलीच्या आवाजात. तिच्या 2005 च्या बंदी असलेल्या ऑपेराविषयीच्या संग्रहात ती आहे. ती ऐकताना शोक मनात आणू नका, भुलवणारे कोणीतरी समोर बसले आहे असे समजा. मग «रिनाल्दो»च्या दुसऱ्या अंकातील पूर्ण दृश्य, आर्गान्तेच्या बोलण्यासह, कुठल्याही चांगल्या संचाचे. सुटी काढलेली आरिया सर्वांत शेवटी. आणि गायला बसाल तेव्हा पहिल्या भागातील शेवटचा शब्द, «लिबेर्ता», स्वातंत्र्य, याकडे नीट पाहा. त्याचा आघात शेवटच्या अक्षरावर आहे, त्यामुळे तो शब्द गळ्यात उघडा राहतो, मिटत नाही. पुनरावृत्तीत हा शब्द येतो तेव्हा बहुतेक जण आवाज मोठा करतात. आपण तो आधीपेक्षा हलका, पण पूर्ण सुरात, कंप न देता लावून पाहा, आणि स्वर सुटल्यावर लगेच मान खाली घालू नका. त्या तालाची उरलेली मात्रा तशीच उभे राहून मोजा.